आजीचा पहिला नंबर

भोंगा वाजला की सगळी खालची आळी वर पळायची आणि भट्टीवाली आजी लपायची. दर महिन्याला पुराची तालीम, आणि दर महिन्याला आजीची नवी जागा. कधी पिठाच्या पोत्यांमागे, कधी माळ्यावर. एकदा तर जुन्या, बंद पडलेल्या भट्टीत पाय पोटाशी घेऊन बसली आणि बाहेर आली ती नखशिखांत काळी होऊन. या वयात बाईने असं वागावं का? नाहीच वागू. पण सांगणार कोण? नवरा गेल्यापासून त्या बेकरीत तिचाच शब्द चालायचा आणि आळीतली निम्मी माणसं तिच्या हातचा पाव खाऊन मोठी झालेली.

त्यात तालमीची कप्तान म्हणजे तिची सख्खी सून. पाण्याच्या कार्यालयाने आळीतून कोणी एक जबाबदार माणूस मागितलं, तेव्हा सगळे पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले आणि ही हात वर करून मोकळी झाली. तिला एक केशरी जाकीट मिळालं. तेव्हापासून आजी तिला ‘कप्तान’ म्हणायला लागली, ते चिडवायला. आणि आळी म्हणायला लागली ते खरंच.

"आई, या बाहेर. माहितीये मला, तुम्ही पोत्यांमागे आहात."

"नाहीये मी."

"मग बोलतंय कोण?"

"पोतं बोलतंय. पोत्याला गुडघेदुखी आहे, त्याला चढवत नाही म्हणावं."

मग कप्तान पोती सरकवायची, आजीला बखोटीला धरून उठवायची, आणि दोघी भांडत, हसत, दम खात चढ चढायच्या. वर शाळेच्या पटांगणात सगळी आळी ताटकळत उभी असायची. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी हातातलं घड्याळ नाचवत म्हणायचे, "कप्तान, आळी पास झाली हो, तुमचं घर तेवढं पुन्हा नापास." सगळे खो खो हसायचे. कप्तानही हसायची, मग केशरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून तेच वाक्य म्हणायची जे दर तालमीत म्हणायची: "कोणी कोणासाठी थांबायचं नाही. कोणी कोणासाठी मागे फिरायचं नाही. जो तो आपला वर."

"आणि तू?" आजी मोठ्याने विचारायची. "तू कशी दर वेळी मागे फिरतेस?"

"ती तालीम असते म्हणून, आई. खरं आलं तर मी तुम्हाला सोडून पळणार आहे. लिहून देऊ का?"

"पळ ना. पीडा टळेल माझी."

असं त्यांचं चालायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण खरं सांगायचं तर त्या दोघींना एकमेकींवाचून घास गिळत नव्हता. मुलगा पावाची गाडी घेऊन घाटापलीकडच्या गावांना जायचा, आठवडा आठवडा बाहेर असायचा. घरात या दोघीच. सून आली तेव्हा तिला पीठ मळता येत नव्हतं. पहिला पाव असा झाला होता, की आजीने तो दार उघडं राहावं म्हणून दगडासारखा खाली लावला आणि गिऱ्हाइकांना दाखवला. पोरगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आजीच्या आधी उठून परातीशी उभी राहिली. त्या दिवसापासून आजीने तिला मनातल्या मनात लेक केलं, पण तोंडाने कबूल करील तर शपथ.

तर हे लपणं निव्वळ चेष्टा होती का? थोडी चेष्टा, थोडा हट्ट. डोंगरावर तळं झालंय आणि ते फुटेल, ही गोष्टच आजीला मान्य नव्हती. तिने बघितलेला डोंगर वेगळा होता. नवी नवरी होती तेव्हा तो बर्फ पार कुरणापर्यंत खाली आलेला असायचा. ती आणि तिचा नवरा कुऱ्हाड घेऊन जायचे आणि बेकरीतलं लोणी गार ठेवायला बर्फाची ढेकळं पोत्यात भरून आणायचे. बर्फ म्हणजे फोडायची, आणायची, वापरायची वस्तू. तो का कधी माणसांच्या अंगावर येतो?

"मला काय शिकवतेस? मी त्याला कुऱ्हाडीने फोडलाय," असं ती म्हणायची.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कप्तानने तिला गाडीत घातलं, जिथवर रस्ता होता तिथवर नेलं, आणि पुढे हाताला धरून चढवलं. कुरण आलं. आजीने बर्फ शोधला. बर्फ नव्हता. नुसते दगडगोटे आणि मधून मधून खुरटं गवत. आणखी चढल्या. आणखी. आणि मग एका उंचवट्यावरून एकदम खाली तळं दिसलं. हे एवढं मोठं, दुधात निळं कालवल्यासारख्या रंगाचं. बर्फ त्याच्याही पलीकडे, पार मागे, खडकाला चिकटून बसलेला, मळकट आणि बारीक झालेला.

"आई, हे पाणी अडवलंय ना, तो बांध कोणी बांधलेला नाहीये. बर्फ पूर्वी पुढे आला तेव्हा त्याने ढकलत आणलेले दगड आणि माती आहे नुसती. त्याच्या पोटातही बर्फ आहे आणि तो वितळतोय. दर उन्हाळ्यात पाणी वाढतं आणि बांध पोकळ होतो."

आजी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून बर्फाचा एक कडा सुटला आणि पाण्यात कोसळला. आवाज मागाहून आला. एक लाट उठली, सावकाश अख्खं तळं ओलांडून आली आणि त्या बांधाच्या काठाला चाटून परत गेली. काठावरची थोडी माती तिच्याबरोबर गेली. बस, एवढंच झालं. पण आजीला तेवढ्यानेच कळलं. जन्मभर जे आपलं म्हणून मिरवलं, ते आपल्या नकळत उठून गेलं होतं आणि जाताना हे असं काहीतरी मागे ठेवून गेलं होतं. तिला रडूच यायला लागलं. ती वळून उभी राहिली.

"कसं वाटलं?" कप्तानने विचारलं.

"रंग बरा आहे," आजी म्हणाली.

मेला तो ताठा! तिथेच सांगितलं असतं, "पोरी, मी घाबरले, तुझं खरं होतं," तर काय जीभ झडली असती? पण नाही. एवढी वर्षं जिला टाळ्या देऊन चिडवलं तिच्यापुढे हार कशी मानायची? परतीच्या वाटेवर आजीने मनाशी ठरवलं, की पुढच्या तालमीला आपण लपायचं नाही. वर जायचं, तेही सगळ्यांच्या आधी. आणि कप्तानला आधी काही कळू द्यायचं नाही. ती पोत्यांमागे शोधील, माळ्यावर शोधील आणि घामाघूम होऊन वर येईल, तर आपण पटांगणाच्या भिंतीवर ऐटीत बसलेल्या! तिचं ते तोंड बघायला मिळावं म्हणून आजी त्या आठवड्यात लाकडं वेचायच्या मिषाने मागच्या दारातून दोनदा वर जाऊनही आली. मागची पाऊलवाट लांबची होती, पण चढ सौम्य, गुडघ्यांना सोसवेल असा. रात्री पाय चेपून घेताना सुनेने विचारलंही, "एवढे का सुजलेत?" आजी म्हणाली, "म्हातारपण आहे, कळेल तुला."

तो दिवस उजाडला तो विचित्र गरम. स्वेटर घालायच्या दिवसांत माणसं दारं-खिडक्या उघडून बसली होती, आठवडाभर तेच. सकाळ सरत आली होती. पावांचा दुसरा घाणा भट्टीत होता. कप्तान आळीच्या शेवटच्या घरांकडे पाव पोचवायला गेली होती आणि भोंगा वाजला.

आजीला वाटलं, तालीमच. यावेळी न सांगता घेतलीये, आम्हाला पकडायला. पकड म्हणावं! तिने भट्टीचा गॅस बंद केला, पाव आतच राहू दिले, शाल ओढली आणि पायांत घरातल्याच लोकरीच्या सपाता, तशीच मागच्या दाराने बाहेर पडली. मांजर पिठात शिरू नये म्हणून दार ओढून घेतलं. बाहेर जायचे तिचे बूट पुढच्या दाराशी होते तिथेच राहिले. ते आणायला पुढे गेलं तर कोणीतरी बघेल आणि सगळी गंमत जाईल.

चढताना तिला हसू येत होतं. छाती भरून आली तरी हसू येत होतं. पटांगणात पोचली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. पहिला नंबर! ती आळीकडच्या बुटक्या भिंतीपाशी गेली, शाल नीट केली आणि श्वास जागेवर आणत बसून राहिली.

मग माणसं यायला लागली. पण हसत नव्हती कोणी. बायकांनी पोरं काखेत मारलेली, एकाच्या तोंडावर अर्धाच साबण. घड्याळजी धापा टाकत आले, आजीला बघून थबकले.

"आजी, तुम्ही? वर? देव पावला! खरा आहे हो भोंगा, खरा! तळं फुटलंय. कार्यालयातून फोन आला."

"आणि कप्तान?"

"मागून येतेय. शेवटची घरं रिकामी करत होती. ती काय, नियमाची बाई, आली बघा."

आजीने भिंतीवरून खाली पाहिलं. बेकरीचं छप्पर आणि पुढची गल्ली इथून स्वच्छ दिसायची. गल्ली ओस होती. मग केशरी जाकीट दिसलं. कप्तान पळत आली. आता वळेल, चढाला लागेल, असं आजीला वाटलं. ती वळली ती बेकरीच्या दारात. आत गेली.

"ही आत कशाला गेली?" आजी म्हणाली. "अहो, ही आत कशाला गेली?"

आणि म्हणता म्हणताच तिला कळलं.

फोन कोणाचाच लागेना. सगळी दरी एकाच वेळी फोन लावत होती. आजी जीव खाऊन ओरडली. पण भोंग्याचा खांब शाळेच्याच पटांगणात, थेट डोक्यावर. शेजारच्याला आपलं ओरडणं ऐकू जाईना, तर खाली काय जाणार? "बंद करा तो! एवढा बंद करा रे कोणीतरी!" पण त्याचं बटण दूर कार्यालयात होतं.

कप्तान बाहेर आली. तिच्या हातात आजीचे बूट होते. बूट घरात, म्हणजे म्हातारी घरात. तिने तरी दुसरं काय समजावं? ती गल्लीत मधोमध उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मान वर करून शाळेकडेसुद्धा बघितलं. भिंतीला सगळी आळी दाटीने उभी होती, जो तो हात हलवून तिला वर बोलावत होता; त्या गर्दीत एक बुटकी म्हातारी काय दिसणार? आजीने शाल काढून हलवली. भिंतीवर चढायला गेली, पडली. पुन्हा उठून बघते तोवर केशरी जाकीट आत गेलं होतं.

आजी फाटकाकडे धावली. घड्याळजींनी तिला मागून कवेत धरलं.

"सोड मला! मी इथे आहे हे तिला माहीत नाहीये रे! सोड!"

"आजी, मागे फिरायचं नाही. कोणी कोणासाठी मागे फिरायचं नाही. तिनेच शिकवलंय."

आजीने त्यांच्या हाताला चावा घेतला. त्यांनी हात सोडला नाही. रडत होते, पण सोडला नाही.

आधी वारा आला. खाली नदीकाठची झाडं एका बाजूला लवली. मग धुरळा. मग जे आलं त्याला पाणी म्हणायचं तरी कसं? काळपट, जाड, उभं. त्यात अख्खी झाडं आणि घराएवढे धोंडे, आणि धोंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज असा, की भोंगाही ऐकू येईना. आळी वरच्या टोकापासून मिटत आली. बेकरीचं धुराडं क्षणभर त्यातून वर दिसलं. मग तेही नाही.

त्यानंतर आजी कोणाशी बोलली नाही. शाळेच्या वर्गात बाकांवर गाद्या टाकून आळी राहिली होती. कोणी पाणी दिलं तर प्यायची, कोणी झोप म्हटलं तर आडवी व्हायची. घड्याळजी पट्टी बांधलेल्या हाताने तिच्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "आजी, पोरगा येईल आज-उद्या. तुम्ही काही बोलायचं नाही. मी सांगतो त्याला." आणि आळीलाही त्यांनी बजावलं. म्हातारीला पोटच्या पोराच्या तोंडून काही ऐकावं लागू नये, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू होता.

रस्ता वाहून गेला होता. मुलगा डोंगरातून पायी आला, चिखलाने माखलेला, ओठ फुटलेले. घड्याळजींनी त्याला सांगितलं, की कप्तानला शेवटचं नदीपलीकडच्या वस्तीकडे जाताना पाहिलं, तिथल्या लोकांना हाक मारायला गेली असेल.

झालं. एवढ्यावर तो उभा राहिला. पलीकडच्या बाजूला दाट रान होतं. मदतीला आलेल्या माणसांना घेऊन तो दोर लावून पलीकडे उतरला आणि दिवसभर रान धुंडाळून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थकून यायचा, पण तोंडावर आशा. ती आशा आजीला बघवत नव्हती.

"आई, ती कुठेतरी अडकलीये. पूल गेलाय ना, म्हणून येता येत नाहीये तिला. तूच सांग, ती नियम मोडेल का? आळीला एवढं शिकवलंय तिने. भोंगा वाजल्यावर ती खाली थांबेल का? शक्यच नाही."

आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी भरत होता. कोणाचा तरी स्वेटर मागून आणला होता. मोजे. मग मदतवाल्यांच्या स्वयंपाकाच्या तंबूतून थर्मासमध्ये गरम चहा भरून आणला आणि झाकण घट्ट बसवत म्हणाला, "भेटली की आधी चहा मागेल बघ. चहाशिवाय एक शब्द बोलायची नाही."

आजी उठून बसली.

"रानात जाऊ नकोस," ती म्हणाली. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "घरात शोध तिला."

"काय म्हणालीस?"

घड्याळजी दारातून लगबगीने आत आले, "अरे, त्यांच्या मनावर परिणाम झालाय, तू..." पण आजीने हात करून त्यांना गप्प केलं.

"घरात आहे ती. मला शोधायला आत गेली. मी बघितलंय. माझे बूट हातात घेऊन बाहेर आली होती, मग पुन्हा आत गेली. तिला वाटलं, मी लपलेय."

मुलाने थर्मास खाली ठेवला.

"आणि तू कुठे होतीस?"

"वर. इथेच. सगळ्यांच्या आधी आले होते रे." आजी म्हणाली. "मागच्या वाटेने. तिला सांगितलं नव्हतं. तिला चकित करायचं होतं मला."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आजी त्याचीच वाट बघत होती. त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि लहानपणी बोलायचा तसल्या बारीक आवाजात म्हणाला, "सांगायचं ना गं, आई. तिला किती आनंद झाला असता."

मग तो बाहेर गेला. आजीने शाल घेतली आणि त्याच्यामागे निघाली. कोणी अडवलं नाही.

खाली आळी नव्हतीच. करड्या चिखलाचं एक रुंद पटांगण, त्यात धोंडे आणि उन्मळलेली झाडं. वरचा थर उन्हाने भेगाळला होता. माणसं फावडी घेऊन उभी, पण कुठे खणायचं हे कोणालाच कळेना. कुठलं घर कुठे होतं याची खूणच उरली नव्हती. मुलगासुद्धा गोल फिरत राहिला. ज्या घरात जन्मला ते घर त्याला सापडेना.

आजीने शाळेकडे पाठ केली. मागच्या वाटेचा वरचा तुकडा अजून डोंगराला लागून होता. त्याच्या रोखाने ती चिखलात चालत गेली. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुतली. एके जागी थांबली. "हे मागचं दार," म्हणाली. थोडी पुढे सरकली. "ही भट्टी. हा माळ्याचा जिना." आणि मग डावीकडे वळून दोन पावलांवर थांबली. शोधताना कप्तान आधी कुठे जायची ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"इथे पोती होती," आजी म्हणाली आणि तिथेच बसली.

मुलाने फावडं उचललं. त्याने ते चिखलात घालायच्या आत आजीने दोन्ही हातांनी पातं धरलं.

"फावडं नको रे," ती म्हणाली. "लागेल तिला."

त्याने फावडं बाजूला ठेवलं, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि दोघं हातांनी चिखल उपसायला लागले.